पाहुण्यांसाठी लिंपलेला घुमट

सबोहत आपांच्या हातचं पाणी प्यायचं म्हणजे एक वाक्य ऐकावंच लागायचं, "सांडू नका." मग तुम्ही जिल्ह्याचे मोठे साहेब असा, नाहीतर खरबुजाच्या शेतात खुरपणाऱ्या आम्ही बायका. उजव्या हाताने पियाला पुढे, डावा हात छातीवर, मान अदबीने झुकलेली, आणि तोंडात हे! मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत. तीस वर्षांत मी हे किती वेळा ऐकलं असेल याची मोजदादच नाही.

कार्शीच्या माळावरच्या आमच्या सरदोब्याची किल्ली आपांच्या कमरेला. वर जुना विटांचा घुमट, खाली पायऱ्या उतरून गेलं की हौद. वसंतात बर्फ वितळलं की चर काढून पाणी आत घ्यायचं आणि ते ऑगस्टपर्यंत पुरवायचं. पूर्वी उंटांचे तांडे इथे थांबत म्हणे. आता गावात नळ आहेत, पण जूनमध्ये नळाला पाणी येतं तेच कढत, मग सगळा गाव आपांच्या दारात. नवरा गेल्यावर त्यांनी किल्ली घेतली आणि पाण्यावर असा पहारा बसवला की हात धुवायला थेंब मागून बघा! प्यायला मात्र कुणालाही कधी नाही म्हटलं नाही.

घुमटाच्या चारी बाजूंनी बोतिरची खरबुजं. त्याच्या ट्रॅक्टरला दर फेरीत घुमटाला वळसा पडतो, म्हणून हा बाबा कायम धुमसत असायचा. शेवटी त्याने कचेरीत अर्ज टाकला, पडीक बांधकाम आहे, पाडून द्या. कचेरीने सांगितलं, ताश्कंदहून वारसा खात्याची बाई बघायला येईल, यादीत नाव चढलं तर घुमट राहील, नाहीतर पाडा. त्या दिवसापासून आपांचं जेवणात लक्ष लागेना.

"रानो," मला म्हणाल्या, "बाई येणार आणि घुमट असा? विटा उघड्या पडल्यात. गावाची काही लाज आहे की नाही?"

आता पाहुणा यायचा म्हटलं की आम्ही आधी भिंती लिंपतो. लग्न असो, नवरोज असो, माती कालवायला घेतलीच म्हणून समजा. आपांनी हशर बोलावलं, म्हणजे घरटी एक माणूस कामाला. हशरला नाही म्हणायची आमच्यात सोयच नाही, म्हणून तोंड वाकडं करत बोतिरही आला. येताना सिमेंटच्या पाच गोण्या घेऊन आला.

"आपा, हे लावा. पन्नास वर्षं बघायला नको."

"तुझ्या गोठ्याला लाव! मातीत भिंत श्वास घेते. सिमेंट थापलं तर सासूबाई कबरीतून उठून माझ्या झिंज्या धरतील."

दोन दिवसांत घुमट असा गुळगुळीत झाला की बस! दाराला निळा रंगही दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताश्कंदच्या मादिना बाई गाडीतून उतरल्या. हातात कसलासा फोटो. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा घुमटाकडे.

"आपा, घुमट कुठाय?"

"हा काय! तुमच्यासाठीच केलाय," आपा फुलून म्हणाल्या. "अजून ओला आहे, टेकू नका."

बाई मटकन ओट्यावर बसल्या. "अहो, यादीत जुनं बांधकाम जातं. या फोटोत विटांच्या नक्षीची रांग आहे, तेवढ्यासाठी मी आले. ती दिसल्याशिवाय काय लिहू मी? उद्या समिती बसते, पाचला मला निघायचंय."

आपांचा चेहरा एवढासा झाला. मला तर रडूच फुटलं, कारण त्या नक्षीवर पहिला गोळा मीच थापला होता, आणि वर शाबासकी घेतली होती!

"सिमेंट आहे का?" बाईंनी विचारलं.

"माती आणि गव्हाचा भुसा," मी नाक पुसत म्हटलं.

"सिमेंट असतं तर मी आत्ताच गाडीत बसले असते. हे निघेल. पण फावडं नको, खरवडायचं नाही. ओली गोणपाटं आणि हात. पाणी मात्र खूप लागेल."

पाणी! नळाला दुपारी पाणी नसतं आणि कालवा सहा किलोमीटरवर. आपांकडे बघायची कुणाची हिंमत होईना. सगळा उन्हाळा त्या हौदात भरलेला.

आपांनी कमरेची किल्ली काढली. "बघताय काय? बादल्या आणा!"

"आणि जूनमध्ये माझ्या शेतातल्या बायका काय पितील?" बोतिर ओरडला.

"तू टँकर आणशील ट्रॅक्टरला जोडून. वळसा घालायची सवय आहेच तुला."

सगळे हसले, बोतिरसुद्धा. मग पायऱ्यांवर रांग लागली. खाली आपा बादल्या भरत होत्या, वर आम्ही ओल्या गोणपाटांनी घुमट चोळत होतो. पाणी पायऱ्यांवर, अंगावर, मातीत, कुठे कुठे सांडत होतं. खालून एकदाही आवाज आला नाही, आणि मला ते काही बरं वाटेना.

साडेचारला नक्षी दिसली. बाईंनी ती बोटाने चाचपली, फोटो काढले आणि तिथेच, बोतिरच्या पाठीवर कागद टेकवून, शिफारस लिहिली. त्याचे हातपाय चिखलाने माखलेले, तसाच तो वाकून उभा होता.

बाई गाडीत बसणार तेवढ्यात आपांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! पाहुणीला पाणी द्यायचं राहिलंच की!"

आणि किल्ली खुळखुळवत पुन्हा खाली गेल्या. बराच वेळ झाला. खाली हौदाच्या तळाच्या दगडावर पियाला घासल्याचा आवाज येत होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पण बाई हलल्या नाहीत. शेवटी आपा वर आल्या. कोपर चिखलाने भरलेलं, पियाल्यात जेमतेम अर्धं पाणी, पण नितळ. डावा हात छातीवर ठेवून त्यांनी पियाला पुढे केला.

"सांडू नका," त्या म्हणाल्या.

बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.