सिरेच्या गोळ्या

लग्नाला नऊ वर्षं होऊनही कूस उजवली नाही, तेव्हा सिरे आमच्या कान्यालेंगात आली. ज्यांना मूल होत नाही किंवा झालेलं जगत नाही, अशा बायकांचा हा मेळा. नवऱ्याचे फाटके कपडे, डोक्यावर फुटका भोपळा, गळ्यात बियांच्या माळा, असं सोंग घेऊन आम्ही बारशाला जातो आणि वाट्टेल ते बरळतो. अल्लाला हसू आलं की तो मूल देतो म्हणतात. मला अकरा वर्षांत दिलं नाही, म्हणजे त्याला हसवणं सोपं नसावं. चारचौघांत आमचा राग धरायचा नाही आणि आम्ही मागितलेलं नाकारायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज.

सिरेला दवाखान्यात मीच नेलं. नर्सबाईंनी सांगितलं की क्लॅमिडिया नावाचा संसर्ग वर्षानुवर्षं तिच्या अंगात होता. ना दुखलं ना खुपलं, पण गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या बुजल्या. गोळ्यांनी संसर्ग जाईल, नळ्या मात्र उघडणार नाहीत. सिरेने ऐकून घेतलं आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

बाईंनी तीन पुड्या दिल्या. एक तिची, एक नवरा सांकुंगची, एक नाटोमाची. नाटोमा तिची सवत, एकोणीस वर्षांची, लग्नाला सात महिने झालेली. तिघांनी एकाच दिवशी घ्यायच्या, मग आठवडाभर वेगळं निजायचं. उशीर केला तर त्या पोरीचंही हेच होईल, असं बाईंनी बजावलं.

सांकुंगने पुडी अंगणात भिरकावली. आजार तुझा आणि गोळ्या मी खाऊ होय, म्हणाला. नाटोमाच्या कानाला लागलीस तर माहेरी पाठवीन, असाही दम भरला. सिरेने मातीतली पुडी उचलली, फुंकर मारली आणि कमरेला खोचली.

चौथ्या दिवशी शेजारी बारसं होतं. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. घरात नवऱ्याला अहो-जाहो करणारी सिरे भोपळा घालून त्याच्यासमोर उभी राहिली.

"ए सांकुंग, तुझं बी किडलंय. आ कर!"

मांडव हसून लोटपोट झाला. तिने आधी स्वतःच्या चार गोळ्या गिळल्या. मग त्याच्यापुढे हात धरला. शंभर माणसं बघत होती, त्याने मुकाट्याने गिळल्या. नाटोमाने तर खिदळतच घेतल्या.

"आणि आठ दिवस हिच्या अंथरुणाकडे फिरकलास, तर दाढी गळून पडेल."

लोकांनी ते इतकं उचलून धरलं की पोरंटोरंसुद्धा त्याला दाढी कशी आहे म्हणून विचारायची. आठ दिवस तो ओट्यावर निजला.

पुढच्या वर्षी नाटोमाला मुलगी झाली. बारशाला आम्हाला नाचायला बोलावलं. नाटोमाची आई आली होती. तिने बाळ पदराखाली झाकलं आणि वांझेची नजर नको म्हणत सिरेला लांब बसवलं. आमचा भात रिवाजाप्रमाणे जमिनीवर वाढला. सिरे जेवत होती.

"वाईट नाही वाटत तुला?" मी विचारलं.

तिने जरा विचार केला. "नाही गं दादो. दाढ काढताना सुई टोचतात ना, तसं आहे. ओढतायत ते कळतं, बस."

मला मात्र संताप आवरला नाही. मी हात न धुताच, डोक्यावरच्या भोपळ्यासकट उठले आणि भर मांडवात सगळं सांगून टाकलं. दवाखाना, बुजलेल्या नळ्या, मातीतून उचललेली पुडी, आणि ही नात कुणामुळे तुमच्या मांडीवर आहे तेही.

सगळा मांडव हसला. नाटोमाची आई तर डोळे पुसत पुसत हसली आणि म्हणाली, "अगं बाई, हिला आणखी बोलू द्या."