बालबादशहाचा टाक

जमीन मोजणारा माणूस दुसऱ्याची वीतभर चूक खपवून घेत नाही, आणि स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालायला मात्र त्याला सारा जन्म पुरत नाही. मंगळवार पेठेतले नृसिंह सांगवडेकर, म्हणजे आपले अप्पा, त्यातलेच. नोकरी मोजणी खात्यात. बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेले भाऊबंद अप्पांनी साखळी टाकली की गप्प होत. असल्या करड्या माणसाला नाद काय असावा? तर जुन्या रोमन नाण्यांचा. त्यातही एकाच बादशहाच्या. डायडुमेनियन त्याचं नाव. कुणी विचारलंच तर अप्पा सांगत, "नऊ वर्षांचं पोर होतं. बापानं गादीवर बसवलं. बंड झालं तेव्हा सुखरूप राहावं म्हणून बापानंच परमुलखात धाडलं, आणि वाटेत मारलं गेलं." एवढं सांगून ते विषय बदलत.

ऐकणाराही मान खाली घाली. अप्पांचा मुलगा दत्तूही नऊच वर्षांचा होता. सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, कोल्हापूरची घरं हादरली, माणसं अंगणात झोपू लागली. भिंत पडायची पोराच्या अंगावर, म्हणून अप्पांनी त्याला कुरुंदवाडला बहिणीकडे नेऊन सोडलं. त्यांची बायको मीनाक्षीबाई नको नको म्हणत होत्या. "सुखरूप पोचवून आलो," असं अप्पांनी परत येऊन त्यांना सांगितलं. पेठेत एकही भिंत पडली नाही. आठव्या दिवशी दत्तू कृष्णेत बुडाला.

पुढच्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पोस्टानं पहिलं नाणं आलं. दहा वर्षांत सहा झाली. चांदीची, अंगठ्याच्या पेराएवढी. एका अंगाला गोबऱ्या गालांचा मुलगा, दुसऱ्या अंगाला तोच निशाणं घेऊन उभा. अप्पा ती फक्त कडेनं धरत. जुनं नाणं घासायचं नाही, घासलं की चेहरा जातो, हा त्या नादातला पहिला नियम.

त्या घरातली दुसरी गोष्ट पेठेला ठाऊक नव्हती. पहिलं नाणं आलं त्या आठवड्यापासून रोज दुपारी साडेचारला, शाळा सुटायच्या वेळेला, बाहेरच्या दाराची कडी वाजे. दोनदा. दाराबाहेर कुणी नसे. अप्पा सुटीच्या दिवशी घरी असले की हटकून ऐकत, आणि नेमक्या त्याच वेळी मीनाक्षीबाई मोरीत भांडी आपटायला लागत. दोघांपैकी कुणीही कधी चकार शब्द काढला नाही. बोललो तर थांबेल, ही भीती वाजण्याच्या भीतीहून मोठी होती.

अठ्ठ्याहत्तर साली अप्पा गडमुडशिंगीला मोजणीला गेले. शेताची मालकीण तानाबाई, सत्तरी ओलांडलेली आणि तोंडानं फटकळ. "या पावणं, च्या घ्या, मग मोजा काय मोजायचं ते," म्हणून तिनं सोप्यात बसवलं. ती देव घासत बसली होती. चांदीचे टाक, म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांच्या आणि देवांच्या पूजेचे छोटे पत्रे, चिंच-राख लावून ती एकेक धूत होती. त्यातला एक तिनं पालथा ठेवला आणि अप्पांच्या हातातली बशी कलंडली. निशाणं घेऊन उभा असलेला मुलगा!

अप्पांनी तो उलटून पाहिला. चेहऱ्याच्या जागी नुसती गुळगुळीत चांदी.

"ह्यो कुणाचा?"

"माझ्या आजेसासऱ्याच्या ल्योकाचा. धा वर्साचं पोरगं, तापानं गेलं. त्याच आठवड्यात नांगराला ह्ये घावलं. वर पोराचं त्वांड. त्योच आलाय म्हणून टाक केला." तानाबाई हसली. "लई वर्सं घरात फिरायचा म्हणत्यात. मग घासून घासून त्वांड गेलं, तवा सुटला. आमच्या घरची रीतच हाय की. त्वांड ऱ्हायलं तर जीव अडकतोय. आता नुसतं सवयीनं पानी घालतोय."

अप्पांनी तो कडेनं धरला. "आणि कुणी घासलंच न्हाय तर?"

तानाबाईनं त्यांच्याकडं टक लावून पाहिलं. "मग त्येला कोन सोडवनार, पावणं? त्यो दारातच हुबा ऱ्हातोय."

त्या दिवशी अप्पांची मोजणी चुकली. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी येऊन त्यांनी मीनाक्षीबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग ती कडी वाजायची थांबेल?"

"म्हणजे तुलाही..."

"दहा वर्षं ऐकतेय. तुम्हाला कळू नये म्हणून भांडी आपटत होते."

दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी पाटावर बसून नाणी घासू लागले. चांदी काही एका दिवसात झिजत नाही. वर्ष गेलं, दीड गेलं. एकेक चेहरा विरत चालला तसा दारावरचा आवाज बदलला. आधी कडी वाजायची, मग आवाज कडीच्या खाली फळीवर आला, मग आणखी खाली. अप्पा कचेरीतून आले की मीनाक्षीबाई सांगत, "आज उंबऱ्याशी वाजलं." जणू हात पुरेनासा झाला होता.

पाच नाणी गुळगुळीत झाली. सहावं मीनाक्षीबाईंच्या वाट्याचं होतं. ते काही पुरं होईना. एका रविवारी सकाळी अप्पांनी ते त्यांच्या हातातून घेतलं. मागचा निशाणवाला पुरता पुसला होता. पुढचा मुलगा मात्र आला तसाच टवटवीत, गोबरा. बाईंनी सहा महिने पाठच घासली होती.

"एवढं एक राहू दे," त्या म्हणाल्या. "मी बघतेय ना त्याच्याकडे."

"अगं, तो उंबऱ्यावर पडून आहे," अप्पा म्हणाले आणि जन्मात पहिल्यांदा बायकोसमोर रडले. "मी सोडून आलो होतो त्याला. आता पोचवायचंही मलाच."

राख घेऊन त्यांनी अंगठा त्या गालावर ठेवला. त्या दिवसापासून रोज सकाळी, कित्येक महिने घासत राहिले. नाक गेलं, ओठ गेले. अंगठ्याची सालं निघाली. शेवटी एका रविवारी नुसता डोळा उरला, तेव्हा मीनाक्षीबाईंनी स्वतःचं बोट पुढं केलं.

त्या दुपारी सव्वाचारला दोघांनी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली आणि सोप्यात बसून राहिले. रस्त्यावरून शेजारणी गेल्या, सायकली गेल्या. साडेचार झाले. पावणेपाच झाले. मोरीत भांडं वाजलं नाही, दारात काही वाजलं नाही.

पाचाच्या ठोक्याला मीनाक्षीबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"अहो," त्या म्हणाल्या, "पोचला वाटतं."