पाठ चाचपून पास-नापास

"आग! आग लागलीया! उठा, भाईर पडा! चला, चला, चला!"

काका ओरडत होते आणि दोन ओरडण्यांच्या मधे शिट्टी फुंकत होते. काका म्हणजे माझे चुलते, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांची ती शिट्टी वाजली की आमच्या गल्लीतली कुत्री मागच्या दोन पायांवर उभी राहून सावधान होतात. अजिंक्यताऱ्यावरच्या माकडांनी तिच्याबद्दल तक्रार केल्याचंही मी ऐकून आहे. आज ती शिट्टी साताऱ्याबाहेरच्या एका वृद्धसेवा केंद्राच्या गुळगुळीत वऱ्हांड्यात वाजत होती, आणि आग कुठंच नव्हती. धूर होता तो फक्त वांग्याच्या फोडणीचा.

दहा-बारा म्हातारी माणसं होती. त्यांतलं एकही हललं नाही. एका आजीनं टीव्हीचा आवाज वाढवला. एका आजोबांनी बसल्या जागेवरून कडक सॅल्यूट ठोकला. ते रिटायर हवालदार निघाले. व्यवस्थापक मात्र धावत आला. त्याच्या हातात वही होती.

"सर, आधी इथं सही करा, मग आत या."

"आग लागल्यावर सह्या करून पळायचं व्हय रं?" काका गरजले. "सिलिंडर कुठाय?"

लाल सिलिंडर होता. काचेच्या कपाटात होता, देवासारखा. कपाटाला कुलूप होतं, किल्ली साहेबांकडे होती आणि साहेब पुण्यात होते. मागच्या दारापुढं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चवड छतापर्यंत गेली होती. काकांनी खिशातून लांबुडकी वही काढली आणि 'अग्निशमन' या शब्दापुढं शून्य लिहिलं. मग जरा विचार करून त्याचे पाच केले. सिलिंडरचा रंग चांगला होता म्हणे.

हे सगळं चाललं होतं माझ्या आत्तीसाठी. काकांची ही थोरली बहीण. माणदेशातल्या माळावर जन्मभर मेंढरं राखली, कोकणापर्यंत चालत जाऊन आली, लांडग्याला एकदा नुसत्या शिव्या देऊन पळवलं (तो लांडगा नंतर शाकाहारी झाला, असं गावात सांगतात), आणि शेवटी स्वतःच्याच अंगणात शेळीच्या करडाला अडखळून खुबा मोडून घेतला. मिरजेला ऑपरेशन झालं. पोटी लेकरू नाही, नवरा कधीच गेलेला. म्हणून तीन आठवडे ती साताऱ्यात आमच्याकडं होती. मी कारखान्यात, बायको शाळेत, घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिन्याशिवाय दुसरी सोय नाही. काकूंचे गुडघे असे की त्यांनाच कुणीतरी उचलावं. आमच्या दोघांच्या रजा संपल्या, तेव्हा काका म्हणाले, "आक्का, चार-सहा म्हैने चांगल्या ठिकाणी ठिवू तुला. बाई असती, डाक्टर येतो, येळेवर जेवान."

आत्तीनं भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाली, "टाकून येनार न्हवं?"

"न्हाई गं! काय बोलतीस!"

"मग मी बगून घेनार. मला पसंत पडलं तर ऱ्हाईन. न्हाईतर मला माळावर सोडा, मी आन् मेंढरं बगून घेऊ."

म्हणून तिला गाडीच्या मागच्या सीटवर उशांत बसवून, चाकाची खुर्ची टपावर बांधून आम्ही निघालो होतो. काकांनी तयारी जोरात केली होती. शंभर गुणांचा तक्ता, त्यात रंगरंगोटी, शिस्त, शौचालय, अग्निशमन, जेवण आणि बिछाना. बिछान्याची परीक्षा फौजी पद्धतीची. चादर इतकी ताणलेली पाहिजे की वरून टाकलेला रुपया उसळला पाहिजे. काकांनी तो रुपया एका पलंगावर टाकला. त्यावर एक आजोबा झोपले होते हे त्यांनी पाहिलं नाही. रुपया काही उसळला नाही, आजोबा उसळले.

एवढ्या गोंधळात आत्ती कुठं गेली ते कुणी पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा ती खुर्चीची चाकं हातानं फिरवत खिडकीशी पोचली होती आणि तिथल्या एका आजीच्या पाठीवरून हात फिरवत होती. प्रेमानं नव्हे. आटपाडीच्या बाजारात मेंढरू घेताना फिरवतात तसा, मणक्यावरून बोटं दाबत दाबत खाली.

"अहो, हे काय चाललंय?" व्यवस्थापक ओरडला.

"गप रं," आत्ती म्हणाली. मग त्या आजीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून तिनं रंग बघितला. "पांढरीफेक. हिला रगात न्हाई. आन् हे बग." तिनं आजीला जरा पुढं वाकवून लुगड्याची कमर खाली सरकवली. कमरेच्या खाली, माकडहाडावर, वाटीएवढी जखम होती आणि तिच्यावर पावडर थापलेली. "हिला कुनी कुशीवर वळवत न्हाई. चल रं, गाडी काड."

"आक्का, आगं कारंजं हाय हितं!" काका म्हणाले. "पंच्याऐंशी गुण बसत्यात."

"मग तू ऱ्हा कारंज्यात."

त्या आजींच्या घरचा नंबर काकांनी व्यवस्थापकाकडून दमदाटी करून मिळवला आणि गेटबाहेर पडायच्या आत त्यांच्या मुलाला फोन लावून जखमेचं सांगितलं. तेवढं झाल्यावरच गाडी सांगलीच्या रस्त्याला लागली.

दुसरं ठिकाण सांगलीच्या अलीकडं. तिथल्या आमटीला काकांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि पुरावा म्हणून तीन वाट्या प्यायल्या. मी दोन. आत्तीनं वाटीला हात लावला नाही. तिनं लोकांचे पाय बघितले. एका आजोबांची नखं इतकी वाढलेली होती की त्यांना चप्पल दोन नंबर मोठी घ्यावी लागत असणार. वळून वळून तळव्याला टेकली होती.

"खूर वाढलं की वळकावं," आत्ती म्हणाली, "धनी कळपात फिरकत न्हाई."

"आत्ती, ही माणसं हायत," मी हळूच म्हणालो.

"म्हनूनच म्हनती. मेंढरू निदान दगडावर खूर झिजवतंय."

तासगावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिसरं ठिकाण म्हणजे एका बागायतदाराचं बेदाण्याचं जुनं गोडाऊन. द्राक्षांचा धंदा त्याच्या मुलांनी दुसरीकडं हलवला आणि इथं म्हाताऱ्यांची सोय केली. भिंतीचे पोपडे निघालेले. कारंजं सोडा, नळालाच दम लागत होता. गूळ आणि द्राक्षं एकत्र ठेवल्यासारखा वास अजून भिंतीत होता. काकांनी दारातच रंगरंगोटीला शून्य लिहिलं, शिस्तीला चार, आणि सवयीनं शिट्टी तोंडाला लावली.

"आग! आग लागलीया!"

आतून एक जाडजूड मावशी आली. तिनं काकांकडं बघितलं नाही की विचारलं नाही. जवळचा चाकांचा पलंग धरला आणि ढकलत निघाली. वाटेत काका उभे होते. ते बाजूला झाले असतील असं तुम्हाला वाटेल. सुभेदार बाजूला होत नाहीत. पलंग, पलंगावरची आजी आणि पलंगाच्या दांडीवर पोटावर लोंबकळणारे काका असे तिघं एका दमात गोडाऊनच्या भल्या थोरल्या दारातून, बेदाण्याच्या ट्रॉल्यांसाठी केलेल्या उतारावरून, थेट अंगणात. मावशी परत आत. दुसरा पलंग. तिसरा. काकांनी वेळ मोजायला घड्याळ लावायच्या आत निम्मं गोडाऊन बाहेर होतं, आणि पलंगावरची आजी विचारत होती, "आज पुन्यांदा उन्हात का गं?"

"रोज दोनदा भाईर काडतो त्यास्नी," मावशी कपाळाचा घाम पुसत म्हणाली. "आता सांगा. कुठं लागलीया आग?"

काकांनी शिट्टी खिशात टाकली.

इकडं आत्तीनं आपलं काम सुरू केलं होतं. एकाची टाच, दुसऱ्याची पापणी, तिसरीची पाठ. मावशीनं लांबून बघितलं आणि तिचा आवाज चढला.

"आवं आजी! हात काडा! ती काय शेरडं हायती व्हय?"

"बगती मी."

"काय बगता?"

"पाठ."

मावशी जवळ आली. दोघी एकमेकींकडं बघत होत्या, बाजारात दोन जुने व्यापारी बघतात तशा. ही मावशी पंधरा वर्षं बेदाणा निवडायला होती, हे नंतर कळलं. पट्ट्यावरून वाहत्या बेदाण्यातला एक काळा मणी डोळे मिटून बोटांनी काढायची म्हणे. मी तर म्हणतो, शेजारच्या शेडमधलाही काढत असेल.

"बगा की मग," मावशी म्हणाली. "समद्यांच्या बगा."

आत्तीनं सगळ्यांच्या बघितल्या. नखं कापलेली, टाचा तेल लावून मऊ, पाठी कोरड्या आणि साफ. एकाचं ढोपर खरचटलं होतं, त्याचं कारण मावशीनं न विचारता सांगितलं आणि त्यात चूक तिची होती तेही सांगितलं. आत्तीची मान हळूहळू हलायला लागली. काकांना हे वहीत कुठं लिहावं ते कळेना. पाठीचा रकानाच नव्हता.

"झालं?" मावशी म्हणाली. "आता तुमची."

"माझी कशाला?"

"हितं येनाऱ्याची पयली पाठ बगती मी. न्हाईतर उद्या तुमचीच मानसं म्हनत्याल, हितं झालं."

काका छाती काढून पुढं झाले. "आवं मावशी, आमच्या घरात हुती ती. तीन आठवडं तळहातावर ठेवलंय. शिरा, दूध, अंडी. हलू सुदीक दिलं न्हाई!"

ते खरं होतं. हाड सरकेल या भीतीनं आम्ही तिला हलूच दिलं नव्हतं. काकांनी तर पलंगाशेजारी खुर्ची टाकून पहारा दिला होता. आत्ती कूस बदलायला गेली की "आक्का, हिलना मत!" बायकोनं चार उशा लावून तिला दोन्ही बाजूंनी पक्कं केलं होतं, काचेचं सामान बांधावं तसं. चार दिवसांपासून दिवसातून दोन तास खुर्चीत बसवत होतो, तेही जिवावर येऊन.

मावशीनं आडोसा ओढला. मी आणि काका बाहेर उभे. थोड्या वेळानं आतून हाक आली, "या हिकडं दोघं."

आत्ती कुशीवर होती. कमरेच्या खाली चिंचोक्याएवढा लाल डाग. मावशीनं त्यावर बोट दाबलं आणि उचललं. डाग पांढरा पडला नाही. लालच राहिला.

"ह्यो आठ दिसांत फुटला असता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच लागलं. "ऑपरेशन करनाऱ्या डाक्टरनं सांगितलं न्हवतं, वळवत जावा म्हनून?"

सांगितलं होतं. कागदावर लिहूनही दिलं होतं. तो कागद काकांनी प्लॅस्टिकमधे घालून, भोकं पाडून, फाईलला लावला होता. फाईल उत्तम स्थितीत होती.

"आत्ती, दुखत नव्हतं का गं?" मी विचारलं.

"दुखत हुतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"लय राबत हुतासा रं दोघं," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "शिरा ढवळत हुतासा. काय बोलू?"

तिन्ही ठिकाणी सगळ्यांना ओरडून झालेले काका आडोशाची दोरी धरून उभे होते. माझ्या आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा विश्राममधे बघितलं. मग त्यांनी वही उघडली आणि तक्त्याच्या खाली चौथं ठिकाण म्हणून आमचं घर लिहिलं. गुण लिहिले नाहीत.

आत्ती तिथंच राहिली. तिनं सांगितलं तेव्हा आमच्याकडं बघितलंही नाही, मावशीला म्हणाली, "ती खिडकीजवळची जागा दे. आन् ह्यास्नी जाऊ दे घरी, दमलीत पोरं." पोरं म्हणजे मी आणि अडुसष्ट वर्षांचे सुभेदार.

पण मावशीनं आम्हाला सहज सोडलं नाही. दर रविवारी यायचं, म्हणाली. भेटायला न्हवं, शिकायला. माणूस कुशीवर कसं वळवायचं, चादर अंगाखालून कशी काढायची, पायात उशी कुठं द्यायची. सराव आत्तीवर नाही, आधी एकमेकांवर.

पहिल्या रविवारी मी पलंगावर आडवा झालो आणि काकांनी मला वळवलं. मी इतका वळलो की पलंग संपला. फरशी वाजली ती सांगलीपर्यंत ऐकू गेली असावी. अंगणातल्या आज्या हसून हसून खोकायला लागल्या. दुसऱ्या रविवारी माझी पाळी. सुभेदार म्हणजे काही बेदाणा नव्हे; मी ढकलतोय आणि ते सावधानमधे ताठ. "आवं काका, अंग सैल सोडा!" "सोडलंय रं!" मावशी कपाळाला हात लावून बसली. तिसऱ्या रविवारी चादर काढता काढता काकांनी मला तिच्यातच गुंडाळलं. चौथ्या रविवारी मात्र त्यांनी माझ्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा, गुडघा आधी वाकवला, आणि मी अलगद कुशीवर गेलो. इतका अलगद की मला खरंच झोप यायला लागली. मावशीनं या वेळी कपाळाला हात लावला नाही, म्हणजे बरं जमलं होतं.

आत्तीचा डाग तोवर गेला होता. वॉकर धरून ती दारापर्यंत येऊन हे सगळं बघत होती. मी पलंगावरून उठलो, केस सारखे केले आणि ऐटीत विचारलं, "मग आत्ती? आता तरी यायचं का घरी?"

तिनं काकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"म्होरल्या आइतवारी बगू," ती म्हणाली.