बिनगुळाचा चुका

बंडूजी खाणारा माणूस होता. देवळीच्या अलीकडच्या गावात त्याचं भाजीपाल्याचं वावर होतं, आणि दिवसभर वाकून काम केलेल्या माणसाची भूक त्याला होती. त्यातही चुक्याची भाजी म्हटली की तो बसल्या ताटावरून उठायचा नाही. त्याची बायको कुंताबाई चुका शिजवायची तो हरभऱ्याची डाळ, ज्वारीच्या कण्या, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा चांगला जाड खडा घालून. वरून लसणाची खमंग फोडणी. आधी त्यात भाकर कुस्करायची, मग भात कालवायचा.

"कुंते," तो म्हणायचा, "तुह्या हातच्या चुक्यासाठी माणसानं दोन पोटं घेऊन जलमाले याव."

कुंताबाई हसायची आणि आणखी एक पळी वाढायची. तिचं जेवण मागाहून, सगळ्यांची ताटं उचलल्यावर, चुलीजवळ. सासूनं तसंच केलं होतं, तिनंही तेच धरलं.

एका उन्हाळ्यात बंडूजीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम काही केल्या भरेना. हळद झाली, मलम झालं. शेवटी सून उज्वला हट्टाला पेटली आणि सासऱ्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं कळलं की शुगर आहे, आणि आजची नाही, बरीच जुनी आहे.

गोळ्या मिळाल्या आणि खाण्याचा नेम मिळाला. भात बंद, गूळ-साखर बंद, भाजीत डाळ-कण्या बंद, एका वेळी एकच भाकर, पोट भरायचं ते भाजीनं.

"भाजीनं पोट भरते का कुठं?" घरी आल्यावर बंडूजी कडाडला. "मी काय बैल आहो?"

थोडे दिवस त्यानं मुकाट्यानं एक भाकर खाल्ली. मग फाट्यावरच्या हॉटेलात बसून आलूबोंडे खाऊ लागला. गावात अशी गोष्ट लपत नाही. कुंताबाईच्या कानावर आलं, पण ती भांडली नाही. त्या दिवशी तिनं आपलं ताट त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवलं आणि त्यात एकच भाकर घेतली.

"तुले कुठं शुगर आहे?" बंडूजीनं विचारलं.

"नाई. पण तुमाले अर्धपोटी पाहून मले मागून तीन भाकरी गिळवतीन का?"

 त्यानंतर बंडूजी फाट्यावर थांबला नाही.

आता खरी परीक्षा कुंताबाईची होती. डाळ नाही, कण्या नाहीत, गूळ नाही, तर चुक्यात उरतं काय? नुसतं आंबट. पहिल्या दिवशी बंडूजीनं घास घेतला आणि एक डोळा मिटून बसला. "दात आंबले माहे," म्हणाला. दुसऱ्यांदा तिनं निम्मा पालक मिसळला; भाजी मिळमिळीत झाली. शेंगदाण्याचा कूट घालून पाहिला, खोबरं घालून पाहिलं, एकदा तर उकळत्या चुक्यात अंडी फोडून सोडली. ती बंडूजीला आवडली, पण रोज अंडी कोण खाईल? मग तिला कांद्याची युक्ती सापडली. भरपूर कांदा बारीक चिरायचा आणि मंद आचेवर, घाई न करता, लालसर होईस्तोवर परतत राहायचं. त्याचा गोडवा तेलात उतरला की मग चुका टाकायचा. वरून भाजलेल्या तिळाचा कूट.

बंडूजीनं वाटीभर भाजी नुसतीच खाल्ली, भाकर तशीच ठेवून.

"गूळ टाकला का वं?" त्यानं संशयानं विचारलं.

"खडाभर नाई."

"खोटं."

"तुमची आन."

जखम भरली. शुगर उतरली. दोघं रोज शेजारी बसून जेवू लागले. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच होत होतं. जेवताना बंडूजी बोलायचा. लहानपणी विहिरीत पडला होता ते, बापाची बैलजोडी कशी होती ते. कुंताबाईला यातलं बरंच माहीत नव्हतं. एवढी वर्षं तो ताटावर बोलत असेल तेव्हा ती भाकरी थापत होती.

मग एका सकाळी बंडूजीच्या पायात चप्पल जाईना. पाय सुजले होते. थोड्या दिवसांत तोंडावरही सूज आली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कुंताबाईला समोर बसवून सांगितलं, की दोन्ही किडन्या निकामी होत आल्या आहेत. मग विचारलं, "जेवणात काय काय असतं?"

कुंताबाईनं चुका सांगितला, पालक सांगितला. थोडा अभिमानानंच सांगितला.

"आता दोन्ही बंद करा, मावशी. अशा किडनीला ते झेपत नाही."

कुंताबाई म्हणाली, "म्याच चारलं न त्याहिले. रोज."

"भाजीनं नाही गेल्या किडन्या. शुगरनं गेल्या. तुम्हाला शुगर कळली त्याच्या आधीपासूनच सुरू झालं होतं ते."

डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. पण कुंताबाईच्या कानात 'बंद करा' एवढंच उरलं. घरी येताच ती विहिरीजवळच्या वाफ्यात गेली आणि हातात येईल तसा चुका उपटत सुटली. बंडूजी बाजेवरून ओरडला, "अवं, भाजीनं काय केलं तुह्यं?" तिनं मान वर केली नाही.

डायलिसिस सुरू झालं. जाण्यायेण्यात आणि बाकावर बसण्यात महिने गेले. बंडूजीची मांडी मनगटाएवढी झाली. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. तो कशाचीच तक्रार करत नव्हता. एकदा परतताना गाडीत एवढंच म्हणाला, "कुंते, गूळ टाकून एकदा चुका करशील का?"

 पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी बंडूजीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या, आणि दोन चमचे द्या. एकदाच."

वाफ्यात एक पान उरलं नव्हतं. जन्मभर चुका विकलेल्या कुंताबाईनं दुसरीच्या दुकानातून जुडी आणली. उकळली, पाणी ओतून दिलं, आणि बोराएवढा गूळ टाकला. बंडूजीला उशीला टेकवून चमचा तोंडाशी नेला.

त्यानं घास तोंडात घोळवला. बराच वेळ.

"आंबट नाई लागून राह्यलं," तो म्हणाला.

कुंताबाईनं वाटीतली भाजी बोटानं चाखली. आंबटानं जीभ आक्रसली तिची. "पानी फेकलं न म्या," ती म्हणाली, "त्यानं गेलं आंबटपण."

"हो. त्यानंच." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

ऐन थंडीत बंडूजी गेला.

तेरवीला घर भरलं होतं. बंडूजीची मोठी बहीण देवकाबाई आष्टीहून आली होती. बायकांत बसून ती म्हणाली, "ह्या बाईनं रोज चुका चारला म्हणे माह्या भावाले. बिना भाकरीचा. मंग कसा वाचीन?" उज्वला तडकून काही बोलणार होती, पण कुंताबाईनं तिचा हात दाबून धरला. स्वतः मात्र पुढं कितीतरी दिवस ती नीट जेवली नाही. पुन्हा सगळ्यांच्या मागून, चुलीजवळ, उरलंसुरलं.

पुढच्या दिवाळीनंतर देवकाबाई अचानक आली. ओसरीवर बसली, पाणी प्यायली, आणि पदरात गुंडाळलेले कागद खाली ठेवले. "मलेही शुगर निघाली," म्हणाली. "सून म्हणते मामीजीले विचारा, काय खाव, काय नाई."

"किडनी पाह्यली का?" कुंताबाईनं पहिलं तेच विचारलं.

"चांगली आहे म्हणते डॉक्टर."

कुंताबाई उठली. मेथी निवडली, कांदा चिरून मंद आचेवर ठेवला. देवकाबाई जवळ येऊन बसली. कांदा परतता परतता, पाठमोरीच, कुंताबाई म्हणाली, "बाई, खरं सांगा. चुक्यानंच गेले का ते?"

देवकाबाई म्हणाली, "नाई वं. आमच्या बापालेही अशीच सूज आलती. पाय, मंग तोंड. बंडू तवा लहान होता. त्या टायमाले शुगर कोणाले समजे?"

कुंताबाईचा हात थांबला. "मंग हे त्या दिवशी काऊन नाई सांगतलं? चार बायकांपुढं?"

देवकाबाईनं पदर डोळ्यांना लावला.   कुंताबाईनं कढईत मेथी टाकली, झाकण ठेवलं, आणि वावराकडच्या दारात जाऊन उभी राहिली. भाजी शिजल्याचा वास आला तरी ती आत आली नाही. शेवटी उज्वलानंच उठून कढई चुलीवरून उतरवली.