नावेचा दोर

जामबागहून सुटणाऱ्या बसमध्ये ते गृहस्थ रोज भेटायचे. साठीकडे झुकलेले, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, मांडीवर जेवणाचा डबा. मुसी नदीचा पूल आला की ते डबा पायांत ठेवायचे आणि पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी आवळून धरायचे. पूल संपला की सोडायचे. एकदा कंडक्टर म्हणाला, "चाचा, बस है, डुबती नै." तेही हसले, पण दांडा सोडला नाही.

एका सकाळी फोनवर त्यांचं मराठी ऐकलं आणि मी गाव विचारलं. गोदाकाठचं निघालं, माझ्या आजोळचंच. मला भलताच आनंद झाला. तिथे पूर्वी नाव चालायची आणि ती माझे पणजोबा चालवायचे. आमच्या घरात सांगतात तेच मी अभिमानाने सांगितलं, "पूल होईपर्यंत त्या नावेतलं कधी कुणी बुडालं नाही."

तेवढ्यात मुसी आली. त्यांनी दांडा धरला.

"आमच्या लोकायला नावेत बसू देत नव्हते," ते म्हणाले. "मागं दोर सोडायचे, तो धरून पाण्यातून यायचं. पाणी आलं की हात घट्ट ठेव, असं बापानं शिकवलं मला. त्याच्या मायचा हात सुटला होता."

आमच्या घरातल्या त्या गोष्टीत दोर कधीच नव्हता.

"पण तुमचं बरोबर हाय," ते शांतपणे म्हणाले. "नावेतलं कुणीच बुडालं नाही."