तुटक रेषेतला ताड

बोईसरच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी पदाचं नाव तेच. दिवसभर संगणकावर पाइप, व्हॉल्व्ह आणि टाक्या काढायच्या. एखादी रेघ इकडची तिकडे झाली तर शॉपमधून, म्हणजे जिथे ते प्रत्यक्ष बनतं तिथून, लगेच फोन येतो. म्हणून की काय, संध्याकाळी शेजारच्या सालवडला घरी आले की मला शाईच्या पेनाने झाडं काढायची हौस. झाडाच्या चित्रात चूक काढायला कोणी फोन करत नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

ही चित्रं मी इंटरनेटवरच्या काही मंडळींना पाठवते. निरनिराळ्या गावांत राहणारी, एकमेकांना कधीच न भेटलेली माणसं. दर महिन्याला त्यांतला एक जण यजमान होतो. बाकीचे त्याला आपापल्या झाडाविषयी काहीतरी पाठवतात: कोणी लेख, कोणी फोटो, कोणी चित्र, कोणी कविता. कविता मी वाचल्यासारखं करते. यजमान हे सगळं आपल्या ब्लॉगवर मांडतो आणि मग महिनाभर त्याखाली गप्पा चालतात. नियम एकच, झाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं हवं.

यजमान होण्याची माझी पाळी आली तेव्हा एकाने लिहिलं, "या महिन्यात धुरांडी बघायला मिळणार वाटतं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बोईसरला राहणाऱ्यांना झाडं दिसतच नाहीत की काय? यजमान म्हणून मी स्वतःही एक चित्र द्यायचं ठरवलं, आणि तेही असं की त्याची बोलती बंद व्हावी.

आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये सातपाटीची एक मुलगी काम करते. मुलगी म्हणजे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, दोन लेकरांची आई. तिच्याकडे हल्लीच एकदा जेवायला गेले होते तेव्हा गावाबाहेर एक भला थोरला वड पाहिला होता. मी दोन रविवार पालघरहून सातपाटीची एसटी धरली आणि वडासमोर स्टूल टाकून बसले. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, कुतूहलाने मागे येऊन उभी राहणारी माणसं, "कशाला काढतेस गो?" हा प्रश्न, सगळं सोसून चित्र पुरं केलं. मागचा मोबाइलचा टॉवर आणि विजेच्या तारा तेवढ्या वगळल्या. पारंब्या मात्र एकूण एक काढल्या. चित्र चांगलं उतरलं होतं आणि मला ते ठाऊक होतं.

ब्लॉगवर टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत स्टोअरमधली ती माझ्याकडे आली. तिने चित्र मोबाइलवर वडिलांना दाखवलं होतं. वडील चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे बोट चालवणारे, बोटीवर ज्यांचा शब्द शेवटचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. तेव्हापासून ते ओटीवरच्या खुर्चीत असत आणि बोट मुलगा नेत असे.

"बाबा बोलले, वड झ्याक काढलाय," ती म्हणाली. "पन ताड कुठं हाय, असं विचारत होते."

"कुठला ताड? तिथे ताड नाही," मी म्हटलं. "जे आहे ते मी काढते. टॉवर वगळला, पण झाड वगळणारी बाई मी नव्हे."

ती जवळ सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "होता. वडाच्या पुढं, दर्याच्या अंगाला. मागच्या वर्षीच्या वादळात पडला. बाबांना सांगितलं नाय आमी."

"मग काल काय सांगितलंस त्यांना?"

"तुमी काढायला विसरलात म्हनून."

खरं सांगते, आधी मला रागच आला. सबंध कारखान्यात माझ्या नेमकेपणाला लोक वैतागतात आणि इथे एका तांडेलाच्या नजरेत मी ताडाएवढं झाड विसरणारी ठरले. पण तिचा चेहरा पाहिला आणि राग ओसरला. ती सांगू लागली, बोट मुलाच्या हाती द्यावी लागली तेव्हा बाबा चार दिवस जेवले नव्हते. ताड गेल्याचं कळलं तर पुन्हा तसंच होईल, कदाचित त्याहून वाईट, या भीतीने घरातल्यांनी सगळ्यांना गप्प केलं होतं. शेजारणींनासुद्धा.

"एका ताडाचं एवढं काय?" मी विचारलं.

"ताई, तो ताड बघूनच तर बाबा घरी यायचे."

हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. मासा शोधावा तसं झाड शोधत माणूस घरी येतो म्हणजे नक्की काय करतो? आता मुलाच्या बोटीवर यंत्र आहे, ते पडद्यावर वाट दाखवतं. पण यंत्राआधी? मी तिला म्हटलं, मला बाबांनाच विचारायचंय. ती लगेच हो म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "या. फक्त ते सांगू नका."

रविवारी गेले. बाबा खुर्चीत होते, उजव्या हाताशी स्टूल, स्टुलावर औषधांचा डबा आणि टॉर्च. माणूस कमी बोलणारा, असं मला सांगितलं होतं. मी ताडाविषयी विचारल्यावर मात्र त्यांनी एका हाताने औषधांचा डबा स्टुलाच्या पलीकडच्या कडेला सरकवला आणि टॉर्च अलीकडे उभा केला.

"हा डबा म्हंजे वड. हा टॉर्च म्हंजे ताड. तू दर्यात हायस. सरक तिकडं."

मी उजवीकडे सरकले.

"आता ताड वडाच्या डाव्या हाताला दिसतो का? मग तू खडकावर चाललीस. इकडं ये. आता उजव्या हाताला दिसतो? मग वाळूत रुतलीस. मधी ये. डोकं हळूहळू हलव."

मी डोकं हलवलं. टॉर्च सरकत सरकत डब्याच्या बरोबर मधोमध आला.

"हां. ताड वडावर चढला. आता आत वळव. ही खाडीची वाट."

मी तिथेच ओणवी राहून दोन-तीनदा डोकं हलवून पाहिलं. दोन बिंदू एका रेषेत आणायचे, हे मी रोज पडद्यावर करते. हेच दोन झाडांवर करून माणसं चाळीस वर्षं सुखरूप घरी येत होती, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी प्रश्नांचा भडिमार केला. लांबून आधी काय दिसतं? वड की ताड? धुकं असलं तर? बाबा सांगत गेले. लांबून गाव दिसतच नाही, नुसती काळी रेघ दिसते. मग त्या रेघेवर ताडाचा शेंडा, मग वडाचा उंचवटा, आणि घरं सगळ्यात शेवटी. मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. बाबांना इतकं बोलताना तिने बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं.

चहा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"आता सांग, पोरी. ताड का नाय काढलास?"

मला खोटं बोलता येत नाही. सद्गुण म्हणून नव्हे, जमतच नाही. कान लाल होतात. मी मुलीकडे पाहिलं, तिने मान खाली घातली.

"पडला ना?" बाबाच म्हणाले.



"पारंबीन् पारंबी काढलीस तू. ताड इसरशील व्हय?" ते मुलीकडे वळले. "तुजा भाऊ दर्यातनं आला की सांगायचा, बाबा, आज ताड लवकर दिसला. बाबा, आज उशिरा दिसला. त्या वादळानंतर एकदाबी ताडाचं नाव नाय काढलं त्यानं. मी काय खुळा हाय?"

"मग बोलला का नाय, बाबा?" तिने विचारलं.

"तुमी एवढं जपून लपवलेलं. म्हटलं, असू दे. पन खरं काय ते कळाया हवं व्हतं. हिला आपलं काय पडलंय, ही जे दिसतं तेच काढनार." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बघितलं चित्र. कळलं."

ती तिथेच त्यांच्या पायाशी बसून रडली. मलाही रडू आलं आणि लाजही वाटली. ज्या चित्रावर मी एवढी खूश होते, त्यात या माणसाने काय शोधलं होतं! बाबांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग मला म्हणाले, "काढ तो."

"मी पाहिलेला नाही, बाबा. आमच्यात नियम आहे, पाहिलेलंच झाड काढायचं."

"मी पायलाय."

मी काढायचं कबूल केलं. आणि वड गावाच्या बाजूने नको, दर्याच्या बाजूने हवा, असंही त्यांनी बजावलं. पुढच्या रविवारी त्यांच्या मुलाने मला बोटीतून खाडीबाहेर नेलं. काळ्या रेघेवर वडाचा उंचवटा मला दिसला. माझा तो पारंब्यांचा वड तिथून मुठीएवढा होता. मी तो काढला आणि त्याच्या बरोबर मधोमध ताडाची जागा मोकळी ठेवली.

पुढे आठवडाभर मी कच्ची चित्रं मोबाइलवर पाठवायची आणि मुलगी बाबांचं बोलणं रेकॉर्ड करून मला धाडायची. "ताड एवढा जाड नाय." "शेंडा दक्षिणेला कलता हवा." "झावळ्या कमी कर, वारा खाल्लेलं झाड हाय ते." शॉपमधले फोन यापुढे काहीच नव्हेत. ताड जमला तेव्हा तो मी तुटक रेषेत काढला आणि ब्लॉगवर चढवला. खाली लिहिलं: पाहिलं तांडेलाने, काढलं मी. मंडळींना नियमाचं काही वाटलं नाही. विदर्भातल्या एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या गावचा निंब जाऊन तीन वर्षं झाली, तरी लोक एसटीत अजून 'निंबाजवळ'चं तिकीट मागतात. धुरांड्यांवाल्याने विचारलं, ताड किती उंच होता आणि वाऱ्यात कसा वाजायचा. ते मी बाबांना विचारून सांगितलं.

मूळ कागद घेऊन मी सातपाटीला गेले. बाबांनी तो उजव्या हाताने लांब धरला.

"ताडाला अशी तुटकी तुटकी रेघ का?"

"आमच्या कामात तसं असतं, बाबा. एखादी वस्तू जागेवर असते पण या बाजूने दिसत नाही, ती तुटक रेघेने दाखवतात."

त्यांनी मान डोलावली. कागद डोळ्यांसमोर धरून ते डोकं हळूहळू डावीकडे नेऊ लागले, मग उजवीकडे, मग मधोमध आणून थांबले. मुलगी दारात होती, तिचा भाऊही नुकताच बोटीवरून येऊन पायरीवर बसला होता.

"हां," बाबा त्याला म्हणाले. "आता आत वळव."