महादप्पा काकांचा वाघ

वाघ बघायला जाणाऱ्या माणसांकडे वाघ दिसल्याचे किस्से थोडे आणि न दिसल्याचेच जास्त असतात. दिसला की फोटो निघतो, चार लोक बघतात, विषय संपतो. नाही दिसला की मग खरं बोलणं सुरू होतं. आमच्याकडे असे किस्से इतके साचलेत, की पेरण्या उरकल्यावर पाथरीच्या माझ्या खत-बियाणांच्या दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि ऐकणारेच जास्त येऊन बसतात.

आधीच सांगतो, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पोत्यावर छापलंय तेवढंच आत असतं, असं मानणारा मी माणूस. तेव्हा मी सांगतोय ते तसंच घ्या, वर मीठमसाला लावू नका.

आमची टोळी छोटीच. एक मी. दुसरा वालूरचा विश्वनाथ, याच्या घरी म्हशी आणि तोंडात बडबड, दोन्ही भरपूर. तिसरा बळीराम, याची जीप एरवी यात्रेकरू भरते आणि उन्हाळ्यात आम्हाला घेऊन यवतमाळच्या पलीकडच्या जंगलात जाते. आणि चौथे ताडकळसचे महादप्पा काका. किराणा दुकान, सत्तरी ओलांडलेली, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग.

काकांना काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. नजर आहे तोवर काकांना एकच बघायचं होतं. त्याला ते वाघ म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात.

मी एकदा विचारलं, काका, जगात बघण्यासारखं एवढं पडलंय, तुम्हाला हेच का? तर म्हणाले, "लिंग तळहातावर असतंय, त्याला नजर लागत न्हाई. नातवंडं आवाजावरनं कळतेत. जनावर तेवढं बघितल्याबिगर कळत न्हाई."

*

पहिल्या वर्षी विश्वनाथचे पाहुणे बरोबर होते, म्हणून सफारीच्या दोन उघड्या जिप्स्या केल्या. सकाळच्या फेरीत काका आमच्या जिप्सीत. आम्हाला दिसले मोर. दुसऱ्या जिप्सीला दिसला वाघ.

दुपारी काकांना मुद्दाम त्या नशीबवान जिप्सीत बसवलं. तिला दिसली रानडुकरं. आणि आम्हाला वाघ! काका गेटवर उतरले तेव्हा हसत होते, पण त्या हसण्याकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या फेरीला काका पुढे आणि आम्ही त्यांच्या मागोमाग. एका पाणवठ्यावर त्यांची जिप्सी बराच वेळ थांबून पुढे निघून गेली. धूळ खाली बसायच्या आत झुडपातून वाघ बाहेर आला आणि बरोबर तिथे येऊन बसला जिथे काकांची गाडी उभी होती. पाण्याकडे त्याने बघितलंही नाही. टायरच्या खुणा हुंगल्या आणि गाडी गेली त्या वाटेकडे तोंड करून बसून राहिला.

आमचा गाईड सीताराम तिथल्याच गावचा, कशाला बिचकणारा नव्हे. तो हळूच म्हणाला, "पाणी प्यायला नाही आला जी हा. कोणाची तरी वाट पाहून राहिला."

*

बळीराम कधी गेटच्या आत येत नाही. मला माझ्या जीपचं स्टेअरिंग हातात लागतं, असं म्हणतो. खरं म्हणजे घाबरतो. आम्ही आत गेलो की तो जीप झाडाखाली लावून मागच्या बाकावर ताणून देतो.

अशाच एका भर दुपारी तो झोपलेला असताना जीप हलली. एका अंगाला कलली आणि परत सरळ झाली. मग पुन्हा कलली. बळीरामला वाटलं गावातली पोरं दंगा करायलीत. डोळे न उघडताच त्याने पोरांच्या आईचा उद्धार केला.

गाडी हलायची थांबली. पण पोरं पळाल्याचा आवाज आला नाही. बाहेरून नुसता श्वास ऐकू आला, कुणीतरी गरम चहावर फुंकर घालावी तसा, अगदी खिडकीच्या खाली. बळीराम आम्ही येईपर्यंत तसाच पडून होता.

मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्याला केस चिकटले होते, थोडे पिवळे, थोडे काळे. सीतारामने ते बोटात धरून बघितले आणि विचारलं, तुम्ही काय केलं होतं? बळीराम जीपमधून उतरायला तयार नव्हता. म्हणाला, "मी त्याला आईवरनं शिवी दिली ओ. आन् ते गुमान ऐकून गेलं."

*

काकांचा नेम असा, की अंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. सफारी दिवस उगवताच निघते, म्हणून ते सगळ्यांच्या आधी उठून सगळं आटोपून बसतात. पण एका वर्षी लॉजच्या पाण्याची मोटार बंद पडली. पाणी आलं ते निघायच्या वेळी. अंघोळ कशीबशी झाली, पूजा राहिली.

ऊन चढायला लागलं तसा काकांचा चेहरा उतरला. मी सीतारामला अडचण सांगितली. तो म्हणाला, खाली उतरता येणार नाही, अगरबत्ती पेटवता येणार नाही, घंटी तर अजिबात नाही. गाडीत बसून, आवाज न करता काय करायचं ते करा.

काकांनी डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. आजूबाजूला पाखरं ओरडत होती, वानरं फांद्या हलवत होती. काकांनी डोळे मिटून हात उंचावला तसं ते सगळं एकदम थांबलं. मला वाटलं, योगायोग असेल.

आता पूजा चालू असताना घरातली माणसं काय करतात? हात जोडून डोळे मिटतात. मी मिटले, विश्वनाथने मिटले. सीताराम आणि ड्रायव्हर हे वेगळ्या घरचे, पण तेही भले लोक. त्यांनीही मिटले!

डोळे उघडले तर जिप्सीच्या पुढे, आम्ही येताना कोऱ्या असलेल्या धुळीत पंजे उमटलेले. डावीकडच्या गवतातून आलेले, बोनेटसमोर थांबलेले, आणि उजवीकडे गेलेले. एका पंजाच्या कडेची माती अजून ढासळत होती. वाघ बघायला एवढा खर्च करून आलेल्या जिप्सीतल्या एकानेही तो बघितला नव्हता.

विश्वनाथ डोक्याला हात लावून बसला. काका मात्र खूश. म्हणाले, "आपल्याला न्हाई दिसलं तर न्हाई. त्यानं पूजा तर बघितली."

*

विश्वनाथचा किस्सा जंगलातला नाही, वालूरचा आहे.

वाघ झाडाच्या खोडावर आपली खूण म्हणून मूत उडवून जातो. त्याला चक्क नव्या तांदळाच्या भाताचा वास येतो. अशाच एका खोडाला खेटून आमची जिप्सी थांबली आणि विश्वनाथने पहाटेच्या गारव्याला पांघरलेली शाल त्याला घासली. आम्हाला गंमत वाटली, दिवसभर त्याला चिडवलं.

घरी गेल्यावर बायकोने पहिलं काय विचारलं असेल तर, कुणाकडं जेवून आलात? पुढची गंमत गोठ्यात झाली. म्हशींनी विश्वनाथला बघताच दावी तोडायला सुरुवात केली. ज्या म्हशी त्याच्या हाताशिवाय दूध देत नाहीत, त्या त्याला जवळ येऊ देईनात. शाल धुतली, उन्हात घातली, शेवटी उकिरड्यात पुरली. त्याने अंगाला शेणसुद्धा चोळून बघितलं.

हळूहळू म्हशी निवल्या. विश्वनाथ पुन्हा सकाळी धार काढायला बसू लागला. एका सकाळी तो अशीच धार काढत असताना सगळ्या म्हशी एकदम वळल्या आणि शिंगं खाली घालून एका रांगेत उभ्या राहिल्या.

ही गोष्ट सांगताना तो एरवीची बडबड करत नाही. एवढंच म्हणतो, "मी त्यांच्या मागं बसलेलो होतो. त्यांची तोंडं दाराकडं होती."

दार बंद होतं. ऊन कौलांवर येईपर्यंत त्याने ते उघडलं नाही.

*

ताडकळसच्या बाजारात काकांना सगळे ओळखतात. जंगलातून परतल्यावर पहिल्या बाजाराला लोक ठरल्यासारखे दुकानावर यायचे आणि विचारायचे, दिसला का? काका मान हलवायचे. दोन दिवस गावाची करमणूक व्हायची.

मी म्हणालो, काका, सांगून टाका की दिसला. कोण येणार आहे बघायला? काकांनी गळ्यातल्या डबीवर हात ठेवला. "हे गळ्यात ठेवून खोटं कसं बोलू रे?"

मागच्या वर्षी काका परत आले आणि बाजारात कुणीच काही विचारलं नाही. तोवर त्यांच्या एका डोळ्याची नजर पुरती गेली होती आणि दुसऱ्याने फक्त उजेड आणि सावली कळत होती. नातू हात धरून दुकानात आणून बसवायचा. लोकांनी विचारणं सोडलं ते दयेपोटी. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, चेष्टा परवडली असती.

*

या उन्हाळ्यात आम्ही जायचं टाळतच होतो. काकांनीच फोन केला. म्हणाले, बघणं तर आता होत न्हाई, त्याच्या रानात बसून येऊ. नाही म्हणणं कुणाला जमलं असतं?

सकाळची फेरी. काका मधे, एका बाजूला मी, एका बाजूला विश्वनाथ, पुढे सीताराम आणि ड्रायव्हर. जंगल पानं गाळून उघडं पडलेलं. ना वानराचा इशारा, ना चितळाची हाक. एका वळणाच्या पुढे काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबवा. उभं हाय."

गाडी थांबली. काकांनी डावीकडे बोट केलं. तिथे एका सागाची सावली होती, सावलीत वाळकी पानं, आणि पलीकडे मोकळी जमीन. ससासुद्धा लपला नसता. सीताराम सीटवर उभा राहिला, कपाळावर हात धरून बघितलं, माझ्याकडे वळला आणि मान हलवली. ड्रायव्हरने बघितलं, विश्वनाथने बघितलं. मी डोळे फाडून बघितलं. पानं होती, सावली होती, दुसरं काही नव्हतं.

काका हळू आवाजात सांगत होते. "डाव्या कानाला चीर हाय. लय मोठं हाय. बसायलंय आता खाली... बसलं. आपल्याकडंच बघायलंय." मग म्हणाले, "डोळे पिवळे म्हणतेत लोक. पिवळे न्हाईत. हिरवट हायत."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी हात जोडले. जिप्सीत कुणी हललं नाही. नजर गेलेल्या माणसाच्या मनाने शेवटी त्याची इच्छा आपणच पुरी करून घेतली, असं मला वाटलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि न बोलताच ठरलं, की काकांना काही सांगायचं नाही.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "उठलं. गेलं. चला." आणि माझ्याकडे तोंड करून विचारलं, "तुला दिसलं का रे?"

मी म्हणालो, "दिसलं काका. चांगलं दिसलं."

त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेटपर्यंत तो काढला नाही.

जंगलात मोबाइलला बंदी, म्हणून आत जाताना जमा केलेले मोबाइल आम्ही गेटवर परत घेत होतो, तेवढ्यात मागून एक जिप्सी येऊन थांबली. तिच्यातून एक गृहस्थ उतरले, गळ्यात भला मोठा कॅमेरा. ते जवळजवळ पळतच आले आणि त्यांनी आमचे हात हातात घेतले. म्हणाले, ते आमच्या मागे वळणावर उभे होते, तिथून आमच्या जिप्सीची डावी बाजू समोर दिसत होती. आम्ही इतके स्तब्ध राहिलो म्हणूनच तो एवढा वेळ बसला, नाहीतर एरवी लोक आरडाओरडा करून सगळं बिघडवतात.

मी विचारलं, कोण बसला?

त्यांना ती थट्टा वाटली. हसत त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा माझ्यासमोर धरला. सागाची सावली, वाळकी पानं, आणि त्यात बसलेला वाघ. डाव्या कानाला चीर. इतका जवळ, की जिप्सीतून हात लांबवला असता तर पाठीला लागला असता. मागे आमची जिप्सी. सीताराम सीटवर उभा, ड्रायव्हर, विश्वनाथ, मी, सगळे सरळ त्याच्याकडे बघतोय, डोळे फाडून.

मी फोटो मोठा करायला सांगितला. आमच्या मधे काका बसले आहेत, हात जोडून. त्यांचे डोळे मिटलेले आहेत.